हवामान बदल आणि आरोग्य: डॉक्टरांना धोरणाच्या कामासाठी तयार करायचं, तर नाशिकमध्ये शिकवायचं काय?

ओपीडीबाहेर

नमस्कार मंडळी. लिखाण लांबलं आहे, पण इथे डॉक्टर, बागायतदार, सरकारी नोकरीतले, विद्यार्थी असे सगळेच आहात म्हणून मुद्दाम इथेच धागा काढतो.

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय शिकवतो. त्याआधी जिल्ह्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रावर एमओ (वैद्यकीय अधिकारी) होतो. हवामान बदलामुळे तब्येती बिघडतात हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. लॅन्सेटच्या आयोगाने २००९ मध्येच एकविसाव्या शतकात आरोग्याला असलेला सर्वांत मोठा धोका म्हणून याच्याकडे बोट दाखवलं होतं. कुपोषण, मलेरिया, अतिसार आणि उष्णता या चार कारणांनीच २०३० ते २०५० या काळात दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात २०१९ पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात जिल्ह्याला एक नोडल अधिकारी नेमलेला असतो. म्हणजे जबाबदारी डॉक्टरवर टाकून झाली आहे.

अडतं ते पुढे. हे पद ज्याच्याकडे येतं त्याच्याकडे आधीच चार-पाच कार्यक्रमांचा चार्ज असतो. त्याचं प्रशिक्षण म्हणजे अर्धा दिवस सभागृहात बसणं. हिमनद्या वितळताना दाखवतात, कार्बनचा आलेख दाखवतात, शेवटी ओआरएस आणि 'भरपूर पाणी प्या'. आठवड्याभरात तालुक्याला टंचाईची किंवा उन्हाळ्याची बैठक लागते. तहसीलदार विचारतात, "डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?" आणि डॉक्टर सांगतो, "औषधसाठा पुरेसा आहे, साहेब." संपलं. त्याच बैठकीत टँकर कुठे जाणार, रोजगार हमीच्या कामाच्या वेळा काय असणार, शाळा किती वाजता सुटणार हे ठरतं. या प्रत्येक गोष्टीचा पेशंट उद्या त्याच्याच ओपीडीत येणार असतो, आणि तो गप्प असतो. काय बोलायचं, कशाच्या आधारावर बोलायचं आणि कुणाला लिहून द्यायचं, हे त्याला साडेपाच वर्षांत कुणी शिकवलेलंच नसतं.

हवामानशास्त्राचा आणखी एक धडा घालून हे सुटणार नाही असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरला शिकवायचं ते आजाराच्या मागची परिस्थिती विचारायला, ती मोजायला आणि मोजलेलं घेऊन बैठकीत उभं राहायला.

एक साधं उदाहरण घ्या. एप्रिल-मेमध्ये दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या ओपीडीत मजूर बायका येतात, "डॉक्टर, उन्हाळी लागलीय." आम्ही लघवी तपासतो, नाही तर तेही न करता अँटिबायोटिक लिहितो. बाई पुन्हा त्याच बागेत जाते. शेतावर आडोसा नाही, म्हणून ती सकाळपासून मुद्दाम पाणी कमी पिते. हे केस पेपरवर कुठेच येत नाही. शंभर बायकांच्या शंभर केस पेपरांवर 'यूटीआय' (मूत्रमार्गाचा संसर्ग) लिहिलेलं असतं, आणि त्यावरून कुणालाच काही सुचत नाही. हेच केस पेपर तारीख, गाव, काम आणि त्या दिवसाचं तापमान यांच्यासह एका कागदावर आले, तर ते धोरण मागतात.

नाशिकची बाब म्हणून इतकंच सांगतो की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या गावात, म्हसरूळला आहे. अ‍ॅलोपथी, आयुर्वेद, होमिओपथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांची राज्यभरातली कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. इथे एखादी गोष्ट नीट करून दाखवली तर ती गडचिरोलीपर्यंत जाऊ शकते. म्हणून विचारतो, काय शिकवावं आणि कसं? अनुभव सांगा, विरोध असेल तर तोही सांगा.

---

निफाडची बाग

डॉक्टरसाहेब, चांगला विषय घेतला. बागायतदार म्हणून दोन गोष्टी सांगतो.

द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी ऐन उन्हात येते. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात आणि काम उक्तं असतं, एकराच्या हिशोबानं. रोजंदारी असती तर "दुपारी बारा ते चार काम बंद" म्हणणं सोपं होतं. उक्त्या कामात माणूस स्वतःच थांबत नाही, कारण थांबला तर त्याचा पुढचा एकर दुसरी टोळी घेते. सरकारी पत्रकात "दुपारी उन्हात काम टाळा" छापून येतं, ते आमच्याकडं कुणाला लागूच होत नाही. तुमचे डॉक्टर पत्रक काढायच्या आधी एकदा टोळीच्या मुकादमाशी बोलले, तर दुसरं काहीतरी सुचेल. आम्ही आमच्याकडं पहाटे साडेपाचला काम सुरू करून अकराला थांबवायचं ठरवलंय, संध्याकाळी परत दोन तास. त्यासाठी टोळीची राहायची सोय बागेजवळ करावी लागली. म्हणजे हा प्रश्न शेवटी निवाऱ्याचा निघाला.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०२३ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यात गारपीट झाली, तेव्हाची अवस्था सगळ्यांना आठवत असेल. अवकाळी पाऊस पडला की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीनं फवारण्या वाढतात. दमट हवेत तोंडाला फडकं बांधून माणूस तासन्‌तास ब्लोअरमागं असतो. हवामान बिघडलं की औषध वाढतं आणि औषध वाढलं की फवारणाऱ्याच्या अंगात जातं. हे डॉक्टर लोक कधी जोडून बघतात का? आमच्याकडं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून कुणी गेला तर अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. कालपरवा काय फवारलंस हे कुणी विचारत नाही.

---

ओपीडीबाहेर

@निफाडची बाग, उक्त्या कामाचा मुद्दा सोन्यासारखा आहे. पाठ्यपुस्तकातला 'कामाच्या वेळा बदला' हा सल्ला कुठे अडतो ते कळलं. फवारणीबद्दलही पूर्ण सहमत. ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकांची तीव्र विषबाधा आम्हाला पाठ असते, कारण ती परीक्षेत येते. रोजची थोडी थोडी बाधा मात्र नजरेतून सुटते. 'काम काय करता?' हा प्रश्न केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहून संपवतात. तो तिथून सुरू व्हायला हवा.

---

वॉर्ड नंबर सात

मी स्टाफ नर्स आहे. धाग्याच्या नावात फक्त डॉक्टर आहेत म्हणून लिहिते. उन्हाळ्यात उष्माघात कक्ष उघडतो तेव्हा तिथे प्रत्यक्ष काम आम्ही करतो.

मागच्या काही वर्षांत मी जे पाहिलं ते असं. पेशंट बरळत येतो, अंग तापलेलं. काखेत थर्मामीटर लावतात, तो १०३ फॅरनहाइट दाखवतो, मग पॅरासिटामॉल आणि सलाईन. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो, कारण हा तापच वेगळा असतो. आतलं तापमान काखेपेक्षा बरंच जास्त असू शकतं, ते गुदद्वारातून बघायला हवं आणि त्यासाठी लागणारा थर्मामीटर कक्षात नसतो. बर्फ कुठून आणायचा हे ठरलेलं नसतं. ज्याची शुद्ध हरपली आहे किंवा ज्याला भ्रम झाला आहे आणि आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आहे, त्याला अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचं असतं. आधी गार करा, मग हलवा. आमच्याकडे उलटं होतं. खालचं केंद्र सलाईन लावून अँब्युलन्समध्ये घालतं आणि तो पेशंट रस्त्यात तासभर तापत राहतो.

एअर कंडिशनर आणि दोन पलंग म्हणजे उष्माघात कक्ष नाही. टब किंवा ताडपत्री, बर्फाचा पुरवठादार, ओल्या चादरी, मोठा पंखा आणि हे सगळं करायची सवय असलेली माणसं म्हणजे कक्ष. धोरण शिकवायच्या आधी नव्या डॉक्टरांना हे हाताने करायला लावा. आणि प्रशिक्षणात आम्हालाही सोबत बसवा. आशाताई आणि उपकेंद्रावरच्या नर्स (एएनएम) यांना घरात कोण म्हातारं एकटं आहे, कोण मानसिक आजाराच्या गोळ्या घेतं, कोण लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर आहे हे तोंडपाठ असतं. उन्हात सगळ्यात आधी हीच माणसं पडतात.

---

सेकंड इयर

ताई, तुमची पोस्ट बॅचच्या ग्रुपवर टाकली. आम्हाला हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

विद्यार्थ्यांची बाजू. अभ्यासक्रमात आणखी एक विषय घातला तर तो आम्ही पाठ करू, लिहू आणि विसरू. पण फॅमिली अडॉप्शनमध्ये आम्हाला गावातली कुटुंबं दिलेली असतात. तिथे जाऊन आम्ही बीपी, हिमोग्लोबिन, वजन घेतो. त्याच घरात पत्र्याच्या छताखाली दुपारी आणि रात्री किती तापमान असतं हे मोजायला काय हरकत आहे? साधा थर्मामीटर पुरतो. एका घरात आजी रात्री ओट्यावरच झोपते म्हणाली, कारण आत भिंती मध्यरात्रीपर्यंत गरम असतात. आमच्या फॉर्ममध्ये हे लिहायला जागाच नव्हती.

---

शंका आहे

मी स्वतः जनरल प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं. माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो.

ग्रामीण भागात मुळात डॉक्टर कमी. जो आहे त्याने पेशंट बघायचे, पोस्टमॉर्टेम करायचं, लसीकरण बघायचं, ऑनलाइन नोंदी भरायच्या आणि आता धोरणातही पुढे व्हायचं? धोरण हा लोकप्रतिनिधी आणि प्रशासनाचा प्रांत आहे. आपलं शिक्षण निदान आणि उपचाराचं. अर्धवट माहितीवर डॉक्टर शेती, पाणी, बांधकाम यांवर बोलू लागले, तर लोकांचा जो विश्वास आहे तोही जाईल. शिवाय बोलणाऱ्या एमओची बदली कुठे होते हे सगळ्यांना माहीत आहे.

---

ओपीडीबाहेर

@शंका आहे, बदलीची भीती खरी आहे आणि कामाचा बोजाही खरा आहे. त्यावर उत्तर शोधावंच लागेल, नुसतं 'हिंमत ठेवा' म्हणून चालणार नाही. पण 'आपला प्रांत नाही' हे मला मान्य नाही.

१८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ फिरखो या २६ वर्षांच्या पॅथॉलॉजिस्टला अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं होतं. त्याने अहवालात काय मागितलं? शिक्षण, रस्ते, शेतीत सुधारणा, लोकांच्या भाषेत कारभार आणि त्यांच्या हातात अधिकार. सरकारला तो अहवाल आवडला नाही. पेशींच्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा तोच हा माणूस. पुढे बर्लिनच्या नगरसभेत बसून त्याने शहराच्या सांडपाण्याच्या योजनेसाठी काम केलं. म्हणजे हे आपल्या पेशात नवीन नाही.

आणि आपल्या शेजारचंच बघा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भयंकर उष्णतेची लाट आली. त्यानंतर महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि बाहेरचे काही अभ्यासक यांनी मिळून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यात पुढाकार घेणारे दिलीप मावळणकर हे मुळात डॉक्टरच. त्यांनी अभियंत्याचं किंवा आयुक्ताचं काम हातात घेतलं नाही. किती माणसं जादा मेली हे मोजून त्यांच्यासमोर ठेवलं. डॉक्टरने एवढंच करायचं आहे, पण ते पक्कं करायचं आहे.

---

आकडेमोड

मोजण्याचा विषय निघाला म्हणून आलो. माझं काम आकड्यांचं आहे, वैद्यकीय शिक्षण नाही.

अहमदाबादच्या अभ्यासात मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. हे १,३४४ दाखले 'उष्माघात' म्हणून लिहिलेले नव्हते. दर दिवशी सगळ्या कारणांनी मिळून किती मृत्यू झाले हे काढलं, आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या त्याच दिवसांशी ताडून बघितलं, तेव्हा हा फरक दिसला. ही रीत नाशिकला आजही वापरता येईल. महापालिकेकडे जन्म-मृत्यू नोंदणी आहे, हवामान खात्याकडे रोजचं तापमान आहे. दोन रकाने शेजारी ठेवायचे आहेत.

आता दाखल्याचं. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. जिथे ते होतं तिथेही काय लिहिलेलं असतं? 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला, तो तर प्रत्येकाचाच पडतो. उष्णतेमुळे किडनी किंवा हृदय गेलं, तर कारणांच्या साखळीत खालच्या ओळीला उष्णता यायला हवी. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यासाठी स्वतंत्र संकेतांक आहे. इंटर्नला फॉर्म ४, म्हणजे मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा दाखला, नीट भरायला शिकवणं हे हवामान धोरणाचं शिक्षण आहे, असं मी म्हणेन.

एक दाखला काय करू शकतो ते सांगतो. लंडनची एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला, एका श्वसनरोगतज्ज्ञाने हवेच्या नोंदी आणि तिचे अटॅक जुळवून दाखवले. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणात हवेचं प्रदूषण लिहिलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं आणि त्या एका नोंदीवरून तिथे कायद्याची चर्चा सुरू झाली.

एक सावधगिरीची सूचना. अहमदाबादचे आकडे उचलून इथे लावू नका. तिथे पिवळा इशारा ४१ अंशांच्या वर, लाल ४५ ला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथल्या अंगाला तेवढी सवय नाही. मैदानी भागात हवामान खातं साधारणपणे ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असल्याशिवाय लाट जाहीर करत नाही. इथे माणसं त्याच्या आधीच आजारी पडत असतील. नाशिकचा उंबरठा वेगळा, मालेगावचा वेगळा, आणि तो इथल्याच नोंदींवरून काढायला हवा.

---

मोसम काठ

मालेगावातून +१. यंत्रमागाच्या शेडमध्ये बाहेरच्या तापमानाचा काही उपयोग नसतो. पत्रा, यंत्रांची उष्णता, आणि सुताला दमटपणा हवा म्हणून बंद खिडक्या. बाहेर ४२ असेल तर आत काय असेल याचा विचार करा. रात्रपाळीलाही सुटका नाही. आमच्याकडे तरुण कारागिरांत किडनीच्या तक्रारी ऐकू येतात. मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांमध्ये असाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सापडला, तेव्हा तिथे पाणी, सावली आणि विश्रांतीचे नियम करावे लागले. इथे कुणी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून बघितलंय का? पीजीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय लागतातच ना?

---

सुरगाणा बॉन्ड

बॉन्डवर, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत आहे, त्यामुळे थोडक्यात. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मार्चपासून हंडे. पाणी दोन-तीन दिवसांआड मिळालं की घरोघरी पिंप, टाक्या, माठ भरून ठेवतात. झाकण नसतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि उष्णता वाढली की विषाणू त्याच्या अंगात लवकर तयार होतो. म्हणजे डेंग्यू फक्त पावसाचा आजार राहिला नाही, टंचाईचाही झाला. मी हे ग्रामसभेत सांगितलं तर सरपंच म्हणाले, "मग पाणी रोज द्या, कोण साठवतंय?" त्यांचं बरोबर आहे. मी आणि पाणीपुरवठ्याचा माणूस एका टेबलावर कधी येतच नाही. कंटेनर सर्वेक्षणाचा (साठवलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्यांच्या तपासणीचा) अहवाल मी वर पाठवतो, तो आरोग्य खात्यातच फिरतो.

मला प्रशिक्षणात विचारलं तर मी म्हणेन, दुसऱ्या खात्याला पत्र कसं लिहायचं ते शिकवा.

---

फाईलवाला

नमस्कार. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो आहे. वरच्या डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितो.

डॉक्टर मंडळी बैठकीत फार चांगलं बोलतात. पण इतिवृत्तात त्यांचं बोलणं 'आरोग्य विभागाने माहिती दिली' एवढंच येतं, कारण त्यांनी लेखी मागणी दिलेली नसते. मागणी कशी असावी? कुठल्या गावात, काय हवं, किती रुपये, कुठल्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे सरकारी खर्चाच्या कुठल्या खात्यातून), कोण करणार, कधीपर्यंत. या सहा गोष्टी एका पानावर आल्या की कारकुनालाही ती टाळता येत नाही.

दुसरं, वेळ. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा पुढच्या वर्षासाठी आधीच ठरतो. उन्हाळ्याच्या कामांचा प्रस्ताव एप्रिलमध्ये आणला तर तो पुढच्या उन्हाळ्याचा होतो. तो दिवाळीच्या सुमारास तयार असायला हवा. मार्चमध्ये मात्र शिल्लक निधी खर्ची टाकायची घाई असते. त्या वेळी तयार, तांत्रिक मान्यता घेतलेला प्रस्ताव हातात असेल तर काम होतं. उपकेंद्राच्या छताला पांढरा परावर्तक रंग, सौर पॅनेल, पाण्याची टाकी अशी कामं छोटी असतात.

तिसरं, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्यावर पदसिद्ध सदस्य असतात. म्हणजे खुर्ची कायद्यानेच दिलेली आहे. राज्यांना स्थानिक आपत्तींसाठी आपत्ती प्रतिसाद निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरता येते. हे किती डॉक्टरांना शिकवलं जातं?

बदलीबद्दल. एकट्याने पेपरात बोललात तर अडचण येते. तीन केंद्रांच्या एमओंनी मिळून, आकड्यांसह, योग्य मार्गाने पत्र दिलं तर ते प्रशासकीय काम असतं. त्यासाठी कुणाची बदली झालेली मी पाहिली नाही.

---

भूलतज्ज्ञ

सगळे दवाखान्याबाहेरचं बोलताहेत, थोडं आतलंही बघू. जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी साधारण ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे, असा २०१९ चा अंदाज आहे. आमच्या शाखेत डेस्फ्लुरेन नावाचा भुलीचा वायू आहे. वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवतो. बहुतेक शस्त्रक्रियांत सेवोफ्लुरेनने तेच काम होतं आणि खर्चही कमी येतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेस्फ्लुरेन बंद केला. हा बदल करायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, भूलतज्ज्ञांनी ठरवलं की झालं.

आपल्याला बाहेरून शिकायचं आहे तसं द्यायचंही आहे. अरविंद नेत्रालयात मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेचा कार्बन भार ब्रिटनमधल्या शस्त्रक्रियेच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतका निघाला आणि गुंतागुंतीचं प्रमाण काही जास्त नव्हतं. काटकसर ही आपली ताकद आहे. ती 'एकदा वापरा आणि फेका'च्या नादात घालवू नये.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दम्याच्या पंपातला वायूही तापमान वाढवतो, म्हणून कुणाचाही पंप बंद करायचा नाही. पावडरचा पंप ज्याला जमतो त्याला तो द्यावा, लहान मुलांना आणि अटॅकमध्ये नेहमीचाच. पेशंटच्या जिवावर कार्बन वाचवायचा नसतो.

---

पंचवटीकर

सिंहस्थाचं कुणीच बोललं नाही! २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वणी आहेत, तेव्हा भर पावसाळा असतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत पाणी येतं हे आम्ही लहानपणापासून बघतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला केवढा पूर आला ते आठवा. थोड्या तासांत खूप पाऊस पडायचे प्रसंग वाढताहेत, आणि त्या काळात रामकुंडावर लाखो लोक असतील. अतिसार, लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप), डास, गर्दीतला दमटपणा.

सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस गावात केवढं आंदोलन झालं. पर्यावरणवाले होते, कलाकार होते, सामान्य लोक होते. आरोग्याच्या बाजूने आकडे घेऊन बोलणारी डॉक्टरांची फळी मला ठळकपणे दिसली नाही. सावली गेल्यावर त्या परिसरात तापमान किती वाढेल, त्याने भाविक आणि साधूंचं काय होईल, हे सांगणं डॉक्टरांचंच काम होतं.

---

शंका आहे

सगळ्यांचं वाचलं. फाईलवाले साहेबांचा 'तीन केंद्रांनी मिळून पत्र' हा मुद्दा पटला. माझा आक्षेप एवढाच उरतो की हे सगळं करायला वेळ कुठून आणणार? एमओच्या डोक्यावर आणखी एक काम टाकू नका. वेगळा वेळ काढून द्या.

---

ओपीडीबाहेर

@शंका आहे, वेळ आहे आणि तो आधीच ठरवून दिलेला आहे. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला आता तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीला जावं लागतं. जिल्हा रुग्णालयात ही मुलं येतात, त्यांच्याकडून बहुतेक ठिकाणी ओपीडी आणि इमर्जन्सी उरकून घेतात. नोडल अधिकाऱ्याकडे मनुष्यबळ नाही आणि इकडे शिकलेले हात आहेत. या दोघांची गाठ घालून द्यायची.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला जे सुचतंय ते असं. रेसिडेन्सीतला काही काळ, समजा आठवड्यातला एक दिवस, या कामाला. मुलाने एक प्रश्न घ्यायचा. मालेगावच्या शेडमधलं क्रिएटिनिन घ्या, छाटणीच्या टोळ्यांची उन्हाळी घ्या, सुरगाण्यातलं साठवलेलं पाणी घ्या, नाही तर मृत्यू नोंदणी आणि तापमान यांचे दोन रकाने घ्या. मुकादम, आशाताई, सरपंच यांच्याशी बोलणं सक्तीचं. शेवटी प्रबंध नाही, एका पानाची मागणी, फाईलवाले साहेबांनी सांगितल्याप्रमाणे सहा गोष्टींची, आणि ती संबंधित बैठकीत त्याने स्वतः मांडायची. त्या पानाला गुण. पुढचा मुलगा आला की त्याने त्याच मागणीचा पाठपुरावा करायचा. म्हणजे तीन महिन्यांनी माणूस बदलला तरी काम तुटणार नाही.

इंटर्नशिपमध्ये दोन गोष्टी, ताईंनी सांगितलेलं गार करण्याचं प्रात्यक्षिक नर्सिंगच्या मुलामुलींसोबत, आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहायचा सराव. @सेकंड इयर, फॅमिली अडॉप्शनच्या फॉर्ममध्ये घरातल्या तापमानाचा रकाना घालणं आमच्या विभागाच्या हातात आहे. पुढच्या भेटीपासून घालतो, तुमच्या बॅचने सुरुवात करा.

विद्यापीठाला निवेदन द्यायचं आहे. त्यात नर्सिंग आणि आयुर्वेद दोन्हींचा उल्लेख ठेवतो, कारण आदिवासी भागात कित्येक केंद्रांवर आयुर्वेदाचेच वैद्यकीय अधिकारी आहेत.

---

निफाडची बाग

टोळ्यांच्या कामासाठी विद्यार्थी पाठवायचे असतील तर मार्चअखेरीस पाठवा, तेव्हा मुकादम ठरवायला सगळे बागायतदार एकत्र भेटतात. आमच्या गटातल्या शेतकऱ्यांशी बोलून ठेवतो. मुलांना पहाटे पाचला यावं लागेल.

---

फाईलवाला

निवेदन विद्यापीठाला द्याल तेव्हा प्रत जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जोडा. विद्यापीठ अभ्यासक्रम बदलेल, पण मुलाला बैठकीत बसायची परवानगी जिल्ह्यातूनच मिळणार आहे. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. आणि सिंहस्थाच्या आरोग्य आराखड्याचा मुद्दा वेगळ्या पत्रात ठेवा, एका कागदात दोन विषय घातले की दोन्ही टेबलं तो एकमेकांकडे पाठवत राहतात.